पायगाडी, पाऊस आणि उपनेत्रें

मृगाची पहिली सर येऊन गेली, कीं सायकलीवरून हिंडणाऱ्या चष्मेवाल्या गृहस्थापुढें एक जुनाच प्रश्न नव्यानें उभा राहतो. मुठेवरच्या पुलाच्या ऐन मध्यावर गांठणारा पाऊस, समोरून येणाऱ्या मोटारींचे दिवे, आणि डोळ्यांपुढें पाण्यानें माखलेल्या दोन काचा. आतां चष्मा ठेवावा कीं काढावा? ठेवला तर प्रत्येक दिव्याचे पन्नास दिवे होतात, आणि काढला तर त्या पन्नासांचा मिळून एक पसरट गोळा होतो. प्रस्तुत लेखकाचा नंबर साडेचार आहे. एक मीटरला साडेचारांनीं भागिलें म्हणजे जें अंतर येतें, म्हणजे सुमारें बावीस सेंटिमीटर, तेवढ्यापर्यंतच त्याच्या उघड्या डोळ्यांना स्पष्ट दिसतें. मोजण्याची ही रीति फेर्दिनां मोनोयेर नांवाच्या फ्रेंच नेत्रवैद्यानें १८७२ मध्यें सुचविली. बावीस सेंटिमीटर म्हणजे जेमतेम एक वीत. सायकलीची मूठ डोळ्यांपासून त्याहून पुष्कळ दूर असते. तेव्हां चष्मा खिशांत टाकून घरीं जाणें म्हणजे स्वतःच्या हातांचीं बोटेंसुद्धां अंदाजानें ओळखीत जाणें होय. मग खड्डा, कुत्रें आणि पादचारी यांची गोष्टच बोलावयास नको.

चष्म्याच्या दुकानांत जाऊन सल्ला विचारावा, तर सल्ल्याला तोटा नाहीं. एक म्हणतो पाणी न धरणारी काच घ्या. दुसरा म्हणतो वाफ न धरणारी घ्या. तिसरा पिंवळी काच पुढें करतो. चवथा गालांपर्यंत वळलेला, शर्यतवाल्यांच्या धाटणीचा चष्मा दाखवून त्याच्या आंत नंबराच्या काचा बसवून देण्याची तयारी दर्शवितो. यांपैकीं एकाचेंही म्हणणें अगदींच खोटें नसतें, आणि म्हणूनच गिऱ्हाइकाचा गोंधळ वाढतो. या गोंधळाचें मूळ शोधूं गेल्यास आपणांस बरेंच मागें जावें लागतें. कारण माझी अशी समजूत होत चालली आहे, कीं पावसांतील सायकलस्वाराची अडचण हा दुकानदाराचा अपराध नसून चष्म्याच्या जन्मकाळचा दोष आहे. चष्मा निर्माण झाला तो बसलेल्या माणसासाठीं. धांवत्या माणसाच्या नाकावर तो मागाहून चढला.

इटलींतील पीसा गांवचा धर्मोपदेशक जोर्दानो यानें १३०६ मध्यें फ्लॉरेन्स येथें केलेल्या एका प्रवचनांत, उपनेत्रें करण्याची कला निघून अजून वीस वर्षें झालीं नाहींत, असें सांगितलें. त्यावरून चष्म्याचा जन्म १२८६ च्या सुमारास धरतात. त्रेव्हीजो येथील मठाच्या भिंतीवर तोम्माझो दा मोदेना या चित्रकारानें १३५२ मध्यें काढलेलें एक चित्र आहे. त्यांत ह्यू नांवाचे एक कार्डिनल नाकावर चष्मा ठेवून लिहीत बसले आहेत. हे कार्डिनल १२६३ मध्येंच वारले होते, म्हणजे त्यांनीं आयुष्यांत कधीं चष्मा पाहिला असण्याचा संभव नाहीं. पण विद्वान् मनुष्य दाखवावयाचा तर त्यास चष्मा हवाच, अशी चित्रकाराची समजूत दिसते. पुढें साडेसहाशें वर्षें जगानें ती समजूत सोडली नाहीं! आपल्याकडे विजयनगरच्या व्यासतीर्थांचें सोमनाथ कवीनें लिहिलेलें संस्कृत चरित्र आहे. त्यांत हे स्वामी १५२० च्या सुमारास ‘उपलोचनगोलका’च्या साह्यानें ग्रंथ वाचीत असल्याचा उल्लेख असून, पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील प. कृ. गोडे यांनीं हिंदुस्थानांतील चष्म्याच्या इतिहासावर लिहितांना त्याचा परामर्श घेतला आहे. फ्लॉरेन्स असो, त्रेव्हीजो असो कीं विजयनगर असो, चित्र एकच: आसनावर स्थिर बसलेला वृद्ध पंडित, समोर पोथी, आणि डोक्यावर छप्पर. मराठीनें तर या वस्तूस जें घरगुती नांव दिलें तें ‘चाळशी’. चाळिसाव्या वर्षीं पोथींतलीं अक्षरें पुसट होऊं लागलीं म्हणजे लावावयाची ती चाळशी. त्या नांवांत घोडा नाहीं, रस्ता नाहीं आणि पाऊस तर नाहींच नाहीं.

ही गोष्ट केवळ नांवापुरती नव्हती, चष्म्याच्या अंगकाठीवरूनही ती दिसते. पहिलीं चारशें वर्षें चष्म्याला कानांवर बसणाऱ्या दांड्याच नव्हत्या. दोन भिंगें मध्यें खिळ्यानें जोडावयाचीं आणि तीं हातानें धरावयाचीं अथवा नाकावर तोलावयाचीं, एवढीच रचना. मान हलविली कीं चष्मा पडे. पण वाचणाऱ्यास मान हलविण्याचें कारण नव्हतें. लंडनचा चष्मेवाला एडवर्ड स्कार्लेट यानें १७३० च्या आगेंमागें दोन्ही बाजूंस ताठ दांड्या लावून विकण्यास आरंभ केला, तेव्हां कोठें मनुष्यास चष्मा लावून दोन्ही हात मोकळे ठेवतां येऊं लागले. इतकी साधी सुधारणा होण्यास साडेचार शतकें लागलीं, याचें आश्चर्य वाटतें खरें. परंतु गरजेवांचून कोणी काय करील?

सायकलीचा इतिहास याच्या अगदीं उलट, घाईगर्दीचा आहे. कार्ल ड्राइस यानें जर्मनींतील मानहाइम येथें १८१७ च्या जून महिन्यांत आपली दोन चाकांची लांकडी गाडी जमिनीला पाय मारीत चालवून दाखविली. पुढें १८६० नंतरच्या दशकांत पॅरिसच्या मिशो यांच्या कारखान्यांतून पुढच्या चाकास पायटे लावलेल्या गाड्या बाहेर पडूं लागल्या, आणि त्यांच्या लोखंडी धांवांनीं दगडी रस्त्यावर जो खडखडाट केला त्यावरून इंग्रजांनीं त्यांस ‘हाडें खिळखिळीं करणारी’ असें नांव ठेविलें. मग उंच चाकाची गाडी आली, १८८५ मध्यें जॉन केंप स्टार्ली याची दोन सारख्या चाकांची ‘रोव्हर’ आली, आणि १८८८ मध्यें बेलफास्टच्या डनलॉपनें हवेनें भरलेली रबरी धांव केली. सत्तर वर्षांत गाडी पुरी झाली. आणि नेमक्या याच काळांत सुशिक्षित युरोपीय माणसाच्या नाकावर काय होतें म्हणाल, तर दांड्या नसलेला नाकचिमटा! चष्म्यानें अठराव्या शतकांत मिळविलेल्या दांड्या फॅशनीच्या पायीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हां सोडून दिल्या होत्या. हाडें खिळखिळीं करणाऱ्या गाडीवर नाकचिमटा किती वेळ टिकत असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. घोडेस्वारांसाठीं मात्र एक निराळी जात निघाली होती. तिच्या दांड्या बारीक तारेच्या, लवचिक, आणि कानाच्या पाळीमागें पुरा वळसा घेणाऱ्या असत. सायकलस्वारानें खऱ्या अर्थानें उपयोगी अशी जी पहिली वस्तु उचलली ती ही, घोड्याच्या पाठीवरची. कांहीं म्हाताऱ्या मंडळींच्या पेटींत असे तारेचे चष्मे अजूनही सांपडतात. ते थट्टेचा विषय करण्याजोगे खास नाहींत.

चष्मा पडेनासा झाला. पण ओला व्हावयाचा तो होतच राहिला, आणि तेथें कारागिराची बुद्धि चालेना. तेथें पदार्थविज्ञानाची गरज होती. या ठिकाणीं थॉमस यंग या विलक्षण इंग्रज वैद्याचें नांव घेतल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. यंगनें १८०१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या निबंधांत स्वतःच्याच डोळ्याचीं मापें घेऊन असें दाखविलें, कीं आपला डोळा उभ्या आणि आडव्या रेषांना सारखा न्याय देत नाहीं. ज्या दोषाकरितां आज चष्म्याच्या चिठ्ठीवर ‘सिलिंडर’ लिहून मिळतो तो हा. त्यावर काच घडविण्याचें काम केंब्रिजच्या जॉर्ज एअरीनें १८२५ मध्यें स्वतःच्या डाव्या डोळ्यासाठीं केलें. याच यंगनें १८०५ मध्यें द्रव पदार्थांच्या चिकटण्यावर दुसरा निबंध लिहिला, आणि त्यांत असें प्रतिपादिलें, कीं घन पदार्थावर बसलेला द्रवाचा थेंब कडेशीं जो कोन करतो तो त्या त्या जोडीचा ठराविक असतो. काच स्वच्छ असेल तर कोन लहान, म्हणजे पाणी पसरतें. काचेवर मेण अथवा तेल असेल तर कोन मोठा, म्हणजे पाणी गोळी होऊन बसतें. डोळ्याचा दोष आणि काचेवरचा थेंब या दोहोंचा हिशेब एकाच माणसानें चार वर्षांच्या अंतरानें मांडावा, आणि दोन्ही हिशेब पुढें पावसांतल्या सायकलस्वाराच्या नाकावर एकत्र यावे, हा योग मोठा मौजेचा आहे.

थेंब गोळी होऊन बसला म्हणजे काय होतें तें पाहा. दोन मिलिमीटर रुंदीचा अर्धगोल थेंब हें स्वतःच एक भिंग असतें, आणि त्याचा नंबर हिशेब केल्यास तीनशेंच्या वर भरतो. मला साडेचार नंबर पुरतो. पाऊस फुकटांत तीनशें देऊं करतो! असे पन्नास थेंब काचेवर बसले, कीं प्रत्येकजण समोरच्या दिव्याची आपली स्वतंत्र प्रतिमा करून बसतो. दिवसाउजेडीं हें सोसतें, कारण डोळ्याची बाहुली थेंबांच्या मधल्या कोऱ्या जागेंतून वाट काढते. रात्रीं दिवा एक आणि अंधार फार, म्हणून त्या प्रतिमाच तेवढ्या दिसतात आणि रस्ता दिसत नाहीं.

आतां दुकानांत मिळणाऱ्या ‘पाणी न धरणाऱ्या’ काचेचें मर्म ध्यानांत येईल. तिच्यावर फ्लोरिनयुक्त द्रव्याचा एक अतिशय पातळ थर असतो व त्यामुळें यंगचा कोन मोठा होतो. थेंब काचेला घट्ट धरीत नाहीं आणि घरंगळतो. पण घरंगळण्यास त्याला वजन तरी हवें किंवा वारा तरी. मोठा थेंब आपल्या भारानें खालीं जातो, मोटारसायकलीवर वारा त्यास उडवून नेतो. आमच्यासारख्या ताशीं पंधरा-अठरा किलोमीटरांनीं जाणाऱ्याच्या काचेवर भुरभुरीचे बारीक थेंब मात्र हट्टानें बसून राहतात, आणि आधींपेक्षां अधिक गोल होऊन बसतात. तेव्हां ही काच निरुपयोगी नाहीं. पुसली असतां ती लवकर कोरडी होते हा तिचा मोठा गुण. पण तिनें पावसांत स्वच्छ दिसेल असें जें सांगतात, तें मोठ्या वेगाच्या माणसांसाठीं खरें आहे.

हा बारीक-मोठ्या थेंबांचा भेद वाटतो त्याहून महत्त्वाचा आहे. अमेरिकेंतील व्हर्मांट प्रांतांत राहणाऱ्या विल्सन बेंटली या शेतकऱ्यानें पावसांत पिठाचीं पसरट भांडीं धरून, पिठांत होणाऱ्या गोळ्यांवरून थेंबांचीं मापें घेतलीं आणि १९०४ मध्यें तीं प्रसिद्ध केलीं. (पीठ मळण्यापलीकडे त्याचा असा उपयोग करणारा हा पहिलाच गृहस्थ नसेल, पण इतका चिकाटीचा खास दुसरा नसेल.) पुढें १९४९ मध्यें गन आणि किंझर या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनीं थेंब पडण्याचा वेग मोजला. अर्ध्या मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सुमारें दोन मीटर पडतो, दोन मिलिमीटरचा साडेसहा मीटर, आणि पांच मिलिमीटरचा नऊ मीटर. सायकल ताशीं अठरा किलोमीटरांनीं चालली आहे, म्हणजे सेकंदाला पांच मीटर पुढें जात आहे, असें धरा. स्वाराच्या दृष्टीनें भुरभुरीचा थेंब खालीं दोन येतो तों समोरून पांच येतो. म्हणजे तो जवळ जवळ आडवाच येऊन काचेवर आदळतो. उलट मुसळधारेचा थेंब पुष्कळसा वरून खालीं येतो. वारा नसतांना भिज पावसापेक्षां पिरपिर चष्म्याची अधिक दुर्दशा कां करते, याचें उत्तर या दोन आंकड्यांत आहे.

आणि याच आंकड्यांत जुन्या सायकलस्वारांच्या छज्जेदार टोपीचेंही समर्थन आहे. टोपीच्या छज्ज्याच्या कडेपासून काचेची खालची कड सहा सेंटिमीटर खालीं आहे असें समजूं. दोन मिलिमीटरचा थेंब तेवढें अंतर पडेपर्यंत स्वार साडेचार सेंटिमीटरांहून किंचित् अधिक पुढें जातो. म्हणजे छज्जा काचेच्या पुढें पांच सेंटिमीटर आला असेल तर काच कोरडी राहते. वेग वाढवून ताशीं तीस केला, तर त्याच थेंबासाठीं छज्जा पावणेआठ सेंटिमीटर हवा. भुरभुरीसाठीं मात्र संथ गतीलाही पंधरा सेंटिमीटरांचा छज्जा लागेल, आणि तेवढा छज्जा लावून फिरणारा मनुष्य घराच्या पडवीसारखा दिसेल. तेथें मान थोडी खालीं घालणें हाच उपाय; शर्यतींतले स्वार तेंच करतात. युरोपांत पावसासाठीं कोळी व खलाशी लोकांची, तेल पाजलेल्या कापडाची रुंद कांठांची टोपीही सायकलस्वारांनीं वापरली. आपल्याकडे इरलें होतें. त्याखालीं चष्मा खात्रीनें कोरडा राहिला असता, पण इरलें घेऊन सायकल हांकणें कोणास साधेल असें वाटत नाहीं.

बाहेरच्या थेंबांची ही कथा झाली. आंतल्या वाफेची कथा निराळी आहे, आणि तिला लढाईचें अंग आहे. धुळीच्या रस्त्यांवर धांवणाऱ्या शर्यतवाल्यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभींच मोटारवाल्यांचे बंद चष्मे उचलले होते. १९०३ मध्यें सुरू झालेल्या फ्रान्सच्या प्रदक्षिणेचीं जुनीं छायाचित्रें पाहिलीं, तर दंडाला किंवा गळ्यांत असे चष्मे अडकविलेले स्वार दिसतात. दंडाला कां? तर बंद चष्म्याच्या आंत घामाची वाफ कोंडते आणि थंड काचेवर तिचें दंव होतें. १९२६ च्या शर्यतींत बायोनहून ल्युशोंपर्यंतचा ३२६ किलोमीटरांचा पल्ला स्वारांनीं मध्यरात्रीं निघून, वादळी पावसांत, पिरेनीज पर्वतांचा चिखल तुडवीत काटला. जिंकणाऱ्या ल्युसियाँ ब्यूइसलाच सतरा तासांहून अधिक वेळ लागला. तसल्या दिवशीं बंद चष्मा डोळ्यांवर ठेवणें कोणास शक्य झालें असेल, असें वाटत नाहीं.

या दंवावरचे उपाय मात्र त्याच सुमारास दुसऱ्या कामासाठीं शोधले गेले होते. पहिल्या महायुद्धांत विषारी वायूपासून बचावासाठीं मुखवटे निघाले, आणि मुखवट्याची काच वाफेनें आंधळी झाली कीं सैनिक मेलाच. इंग्रजांनीं काचेस चोळण्याचें साबणासारखें द्रव्य दिलें. जर्मनांनीं काचेच्या आंत पाणी शोषणाऱ्या जिलेटिनाची चकती बसविली. फ्रेंच तिसो याच्या मुखवट्यांत बाहेरून आंत ओढला जाणारा कोरडा श्वास प्रथम काचेवरून फिरवून मग नाकाकडे नेला. तीन राष्ट्रें आणि तीन युक्त्या. त्यांखेरीज चवथी युक्ति मला तरी आजच्या कोणत्याही दुकानांत आढळली नाहीं. साबण आणि जिलेटिन यांचें तत्त्व यंगचेंच, पण उलट बाजूनें: येथें कोन लहान करावयाचा, म्हणजे वाफेचे कण सुटे न राहतां पाण्याचा एक सपाट पापुद्रा होतो व त्यांतून दिसतें. १९६६ च्या जूनमध्यें जेमिनी ९ या यानांतून बाहेर पडलेल्या यूजीन सर्नन या अंतराळवीराची शिरस्त्राणाची काच श्रमानें आंतून इतकी धुकटली, कीं नाकाचा शेंडा घासून त्यानें पाहण्यापुरतें एक भोक केलें. तेथेंही पुढें साबणासारख्या द्रव्याच्याच मार्गानें जावें लागलें. जगांतल्या सर्वांत महाग पोषाखांतल्या माणसानें अखेर नाकानें काच पुसावी, हें वाचून माझ्यासारख्याला थोडें समाधान वाटतें, हें कबूल करावयास पाहिजे.

म्हणजे एकाच काचेकडे आपण दोन उलट्या मागण्या करीत असतों: बाहेरून पाण्याला झिडकार आणि आंतून पाण्याला कवटाळ. या मागण्या पुरवितात त्या दोन बाजूंस दोन निराळे थर देऊन, आणि आंतला थर पुसून पुसून लवकर जातो. चालत्या सायकलीवर आंतल्या बाजूची काळजी बहुधा वाराच घेतो. तिसोचा मुखवटा करी तेंच काम नाक आणि काच यांमधली फट करते. दंव धरतें तें चौकांत थांबल्यावर. म्हणून पावसासाठीं चष्मा निवडतांना तो गालाला आणि भुंवईला घट्ट चिकटणारा नसावा, थोडा सुटा असावा, हें मी ठामपणें सांगेन. दुकानदार नेमका त्याच्या उलट, चहूंकडून बंद असलेला पुढें करतो, कारण तो पाहतांना अधिक सुरक्षित दिसतो.

काच या शब्दाबद्दलही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण आज आपण जिला काच म्हणतों ती बहुधा काच नसते. १९४० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत एक कठीण राळ चष्म्यासाठीं वापरांत आली, आणि १९५३ मध्यें जर्मनींत हेर्मान श्नेल व अमेरिकेंत डॅनियल फॉक्स यांना एकमेकांस न कळतां पॉलिकार्बोनेट सांपडलें. हातोड्यानेंही सहसा न फुटणारें हें द्रव्य पुढें चष्म्यांत आलें, तेव्हां पडणाऱ्या सायकलस्वाराच्या डोळ्यांत कांचेचा तुकडा जाण्याचें भय गेलें. या एका गोष्टीसाठीं मी त्याचे इतर सारे दोष माफ करीन. त्याचा मोठा दोष म्हणजे तें मऊ आहे. ओरखडे न पडण्यासाठीं दिलेला थर असूनही, चिखलाच्या शिंतोड्यांसकट रुमालानें पुसलें कीं वाळूचे कण त्यावर कायमच्या रेघा ओढतात. पाण्याच्या बाटलींतली चूळभर धार आधीं काचेवर ओतावी आणि मगच कापड लावावें. पिंवळ्या काचेविषयीं एवढेंच, कीं ढगाळ दुपारीं ती मनाला उजेड वाटविते. रात्रीं मात्र कोणतीही रंगीत काच असलेला उजेड कमीच करते.

शर्यतींच्या इतिहासांत चष्मेवाले थोडे आहेत, पण जे आहेत ते साधे नव्हेत. नेदरलंड्सचा यान यान्सेन हा चष्मा लावून धांवणारा स्वार. १९६८ ची फ्रान्सची प्रदक्षिणा त्यानें शेवटच्या दिवशीं अवघ्या ३८ सेकंदांनीं जिंकली. लोरां फिन्यों यास तर चष्म्यामुळें ‘प्रोफेसर’ म्हणत. कार्डिनलच्या चित्रापासून चालत आलेली समजूत येथेंही सुटली नाहीं! तो १९८३ व १९८४ सालीं जिंकला, आणि १९८९ सालीं आठ सेकंदांनीं हरला; लोकांनीं त्याबद्दल त्याच्या डोक्यावरच्या शेंडीला दोष दिला, चष्म्याला दिला नाहीं, हें त्यांतल्या त्यांत बरें. पावसाची खरी परीक्षा पाहावयाची तर स्वित्झर्लंडच्या अलेक्स त्स्युले याची. हा फार आंखूड दृष्टीचा, चष्मा लावणारा आणि पहिल्या प्रतीचा स्वार. ६ जुलै १९९६ रोजीं आल्प्स पर्वतांत शांबेरीहून लेझार्ककडे जातांना पाऊस झोडपीत होता; त्या दिवशीं त्स्युले दोनदां पडला आणि त्याची जिंकण्याची आशा तेथेंच संपली. सगळा दोष काचेचा होता असें मी म्हणणार नाहीं, कारण त्याच दिवशीं बेल्जियमचा ब्रुइनेल घाटाची कड सोडून दरींत गेला आणि वर चढून येऊन पुन्हां गाडीवर बसला. पण ओल्या घाटाच्या वळणावर रस्त्याची कड कोठें संपते हें दिसण्यास जो अर्धा सेकंद लागतो, तो आंखूड दृष्टीच्या माणसास पाऊण लागतो. उतारावर त्या पाव सेकंदांत गाडी चार-पांच मीटर पुढें गेलेली असते. हें पुलावर अनुभवलेला मनुष्य त्स्युलेला हंसणार नाहीं.

त्याच काळांत, १९८० नंतर, ग्रेग लेमाँ वगैरे स्वारांच्या डोळ्यांवर ओकली कंपनीची, सारा चेहरा अडविणारी एकसंध वळलेली काच दिसूं लागली, आणि आज आपल्या दुकानांतून जो शर्यतवाल्यांचा चष्मा विकतात त्याचें कूळ हें. नंबरवाल्यांसाठीं तिच्यांत दोन सोयी निघाल्या. एक, वळलेल्या काचेलाच नंबर देणें. हलक्या नंबराला हें छान जमतें; भारी नंबराला काच तिरपी झाल्यामुळें कडेची दृष्टि बिघडते आणि ती सुधारण्यास चष्मेवाला हिशेबी व कसबी लागतो. दुसरी, बाहेरच्या काचेच्या आंत नंबराचीं लहान भिंगें अडकविणें. हें स्वस्त पडतें. परंतु पाऊस व वाफ यांना बसण्यास दोन पृष्ठभाग होते तेथें आतां चार झाले! कोरड्या दिवशीं वापरावें. आषाढांत वापरूं नये.

मग डोळ्यांपुढची काचच नाहींशी केली तर? आडोल्फ फिक यानें १८८८ मध्यें डोळ्यावर बसणारें काचेचें भिंग केलें होतें, पण तें कांहीं तासांपलीकडे सोसवत नसे. सोसवेल असें मऊ भिंग केलें तें प्राग येथील रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले यानें, १९६१ च्या नाताळांत, स्वयंपाकघरांतल्या टेबलावर. त्यासाठीं त्यानें मुलांच्या ‘मर्कुर’ या खेळण्यांतले पत्रे व चकत्या जोडून एक यंत्र उभें केलें, आणि तें फिरविण्यास मुलाच्या सायकलीचा डायनामो लावला. पावसांतल्या सायकलस्वारास यासारखें साधन दुसरें नाहीं, हें मला मान्य आहे. तरुणांनीं तेंच घ्यावें. मात्र पावसाच्या किंवा नळाच्या पाण्यानें तीं भिंगें कधीं धुवूं नयेत, त्या पाण्यांतल्या सूक्ष्म जीवांनीं डोळा जाऊं शकतो, आणि वर साधी बिननंबराची काच ठेवावी, नाहींतर शिंतोडे थेट डोळ्यांत जातात.

मला तीं सोसलीं नाहींत, आणि आतां तर त्यावर चाळशीही लागली आहे. गेल्या ज्येष्ठांत मी तारेच्या वळशाच्या दांड्यांचा, पॉलिकार्बोनेटाचा, थोडा पुढें सुटा राहणारा चष्मा करून घेतला व सहा सेंटिमीटर छज्ज्याची सुती टोपी घेतली. जोराच्या सरींत दोन्ही उत्तम चालतात. पिरपिर लागली, कीं पुलाच्या अलीकडे उतरतों आणि सायकल हातीं धरून चालत पूल ओलांडतों.